विश्वस्त कोणाला नेमावे?

‘विश्वस्त’ या शब्दाच्या पोटातच विश्वास आहे. दुसऱ्याची ठेव ज्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवता येते, तो विश्वस्त. देवस्थानाचे, शाळेचे, रुग्णालयाचे विश्वस्त आपल्या परिचयाचे असतात. एखादी नवी संस्था निघाली की नावे सुचायला फार वेळ लागत नाही. एक डॉक्टर, एक वकील, एक सीए, एक दानशूर व्यापारी आणि अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापक. कागद तयार होतात, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते आणि काम सुरू होते.

पण संस्थेचे कामच असे असेल की ते ऐकताच निम्मे लोक ‘विचार करून सांगतो’ म्हणतील, तर? ज्याचे व्यसन अजून सुटलेले नाही अशा माणसाला स्वच्छ सुई देणारी, त्याची जखम धुणारी आणि ‘आधी नशा सोड, मग ये’ असे न म्हणणारी संस्था विश्वस्त शोधायला निघते, तेव्हा नेहमीची यादी अपुरी पडते. मग मुळातला प्रश्न समोर येतो : या ठेवीचे रक्षण करायला खरोखर पात्र कोण?

हा प्रश्न केवळ संस्था चालवणाऱ्यांचा नाही. सेवाभावी आणि निर्व्यसनी म्हणून ज्यांची ओळख आहे, त्यांच्याकडेच अशी निमंत्रणे येतात. उद्या ते आपल्याकडे येऊ शकते, किंवा ‘कोणी चांगला माणूस सुचवा’ अशी विचारणा होऊ शकते. तेव्हा आपण कोणाचे नाव घेऊ आणि का, याचा विचार आधीच केलेला बरा.

हानी कमी करणे म्हणजे काय?

हेरॉइनसारखे द्रव्य टोचून घेणारे चार जण एकच सिरिंज वापरतात, तेव्हा एकाच्या रक्तातला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सीचा विषाणू दुसऱ्याच्या रक्तात थेट पोहोचतो. आपल्या देशात ईशान्येने हे सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून पाहिले. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास टोचून नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही आढळू लागला आणि अवघ्या एक-दोन वर्षांत तपासलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांत तो सापडला. पुढे तो त्यांच्या पत्नींपर्यंत आणि मुलांपर्यंत पोहोचला. माणसाचे व्यसन सुटेपर्यंत थांबायला विषाणू तयार नव्हता.

या अनुभवातून जी कामाची पद्धत रुजली तिला ‘हानी कमी करणे’ म्हणतात. स्वच्छ सुया-सिरिंज द्यायच्या आणि वापरलेल्या परत घ्यायच्या. टोचून टोचून चिघळलेल्या जखमांची मलमपट्टी करायची. हेरॉइनऐवजी ब्यूप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी रोज केंद्रावर, कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली द्यायची. अतिमात्रेने श्वास मंदावला तर नॅलोक्सोन देऊन प्राण वाचवायचे. रक्ततपासणीसाठी सोबत जायचे, आणि ज्याला व्यसन सोडायचे आहे त्याला उपचारांची वाट दाखवायची. व्यसन सुटावे ही इच्छा इथेही असते. फक्त ती मदतीची पूर्वअट नसते.

हे काम आता लपूनछपून चालत नाही. १९९० च्या सुमारास इंफाळमध्ये व्यसनातून बाहेर आलेल्या काही तरुणांनीच ‘सासो’ ही संस्था उभी केली. मुंबईत १९९५ पासून ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ या क्षेत्रात आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, सुई-सिरिंज आणि पर्यायी औषधोपचार या दोन्हींना सरकारी कार्यक्रमात स्थान मिळाले. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा २०१८ मध्ये अमलात आला. एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी केलेले असे काम गुन्हा ठरू नये, अशी तरतूद त्याच्या कलम २२ मध्ये आहे.

गरज किती मोठी आहे हेही पाहू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक नशेची द्रव्ये टोचून घेतात. २०१७ च्या आकडेवारीनुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२२ टक्के होते. टोचून नशा करणाऱ्यांमध्ये ते सहा टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे एखादे केंद्र बंद पडते तेव्हा केवळ एक उपक्रम थांबत नाही, त्या वस्तीत पुन्हा एकाच सुईभोवती चार जण बसतात.

हे व्यसनाला खतपाणी नाही का?

विश्वस्त होण्यासाठी विचारल्यावर सज्जन माणसाच्या मनात येणारा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे नाही. गांधीजींनी आयुष्यभर नशाबंदीचा आग्रह धरला. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेये व द्रव्ये यांच्यावर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगितले आहे. नशेमुळे विवेक झाकोळतो हे प्रत्येक साधनामार्गाने ओळखले आहे. मग सुई देणे हा त्या सगळ्याचा त्याग नव्हे काय?

मधुमेहाचा एक रुग्ण पथ्य पाळत नाही. चोरून मिठाई खातो. डॉक्टर त्याला समजावतात, कधी रागावतातही. पण इन्सुलिन बंद करत नाहीत. इन्सुलिन देण्याचा अर्थ मिठाईला संमती असा कोणी लावत नाही. इथेही तसेच आहे. सुई देणारा माणूस नशेला चांगले म्हणत नसतो. समोरच्याचा जीव नशेपेक्षा मोठा आहे एवढेच तो मानत असतो. स्वच्छ सुया दिल्याने नशा वाढते असा विश्वासार्ह पुरावा आढळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातही म्हटले आहे. आणि पुरावे क्षणभर बाजूला ठेवले तरी एक साधी गोष्ट उरते : मेलेल्या माणसाचे व्यसन सुटत नाही. सुधारण्यासाठी आधी जगावे लागते.

निर्व्यसनी राहणे हे व्रत आहे. व्रत माणूस स्वतःसाठी घेतो. ते दुसऱ्याच्या जगण्याची अट करून त्याच्यावर लादले की त्याचे व्रतपण संपते. म्हणून पूर्ण निर्व्यसनीपणावर श्रद्धा असलेला माणूसही अशा संस्थेचा उत्तम विश्वस्त होऊ शकतो. त्याने आपला आदर्श सोडण्याची गरज नाही. तो आदर्श मदतीच्या दारावर पहारेकरी म्हणून उभा करायचा नाही, एवढेच पथ्य त्याला पाळावे लागेल.

मानाची खुर्ची, कामाची खुर्ची

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या संदर्भात देश, काळ आणि पात्र यांचा विचार आला आहे. आपण ‘पात्र’ हा शब्द नेहमी घेणाऱ्याला लावतो. हा मदतीला पात्र आहे का, तो सुधारेल का, पैसा वाया तर जाणार नाही? विश्वस्त नेमताना हा प्रश्न उलट दिशेने वळवावा लागतो. देणाऱ्यांच्या रांगेत बसायला आपण पात्र आहोत का?

नेहमीच्या यादीतील माणसे निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. हिशेब चोख ठेवणारा सीए हवाच. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेवर एफसीआरए कायद्याची कडक बंधने आहेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक देणे आवश्यक झाले. एखादा अर्ज चुकला की कर्मचाऱ्यांचे पगार अडकतात. पोलीस कार्यकर्त्याला पकडून नेतात तेव्हा रात्री फोन उचलणारा वकील हवा. औषधांची जबाबदारी समजणारा डॉक्टर हवा.

अडचण कौशल्याची नसते. ती असते खुर्चीकडे पाहण्याच्या दृष्टीची. कोणाला विश्वस्तपद म्हणजे शाल-श्रीफळ वाटते. कोणी देणगी देतो आणि तिच्या बदल्यात खुर्ची अपेक्षितो. काही ठिकाणी संस्थापक आपल्याच घरची माणसे मंडळावर घेतो. मग सभेचे इतिवृत्त म्हणजे जेवणाच्या टेबलावर झालेल्या निर्णयाची नक्कल होते. दारू किंवा गुटख्याच्या व्यवसायातून आलेला माणूस मोठ्या रकमेसह पुढे येतो, तेव्हा त्याला मंडळावर बसवले तर संस्था उद्या कोणाविरुद्ध बोलू शकणार नाही, हेही पाहावे लागते.

या कामात आणखी एक कसोटी आहे आणि ती बहुधा पहिल्याच वर्षी लागते. केंद्राशेजारची सोसायटी तक्रार करते. वर्तमानपत्रात बातमी येते. विश्वस्ताचा व्याही विचारतो, “तुम्ही गर्दुल्ल्यांना सुया वाटता म्हणे?” त्या क्षणी जो आपले नाव काढून घेतो, तो संस्थेतून एकटा जात नाही. त्याच्याबरोबर संस्थेची पत जाते, देणगीदार बिचकतात आणि केंद्र वस्तीपासून दूर, कोणाला दिसणार नाही अशा जागी न्यावे लागते. ज्याच्या पायांत चालण्याचे बळ नाही त्याच्यासाठी दूर नेलेले केंद्र म्हणजे बंद केलेलेच केंद्र. म्हणून एखाद्याचे समाजात नाव किती मोठे आहे यापेक्षा, या कामासाठी ते नाव थोडे मळले तर त्याला चालेल का, हे विचारणे अधिक महत्त्वाचे ठरते.

ज्यांच्या जगण्याचा प्रश्न, त्यांची खुर्ची

आता सर्वांत कठीण भाग. मंडळावर असा कोणी असावा का, ज्याने स्वतः ही नशा केली आहे?

कार्यकर्ता म्हणून अशी माणसे सर्वांना हवी असतात. कुठल्या पुलाखाली कोण झोपतो, केंद्राची वेळ का चुकते आहे, नवी गोळी लोक का टाळतात, हे त्यांनाच ठाऊक असते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा मार्ग पूर्ण व्यसनमुक्तीचा आहे. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या कामात व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांचा मोठा वाटा राहिला आहे. पण वस्तीत पाठवण्याइतका विश्वास टाकणे वेगळे आणि निर्णयाच्या टेबलावर शेजारची खुर्ची देणे वेगळे. पहिल्यात आपण त्याच्या अनुभवाचा उपयोग करतो. दुसऱ्यात आपण त्याच्या विवेकावर विश्वास ठेवतो.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या दारूमुक्तीच्या चळवळीचा इतिहास इथे विचार करायला लावतो. १९३८ मध्ये अमेरिकेत तिचे विश्वस्त मंडळ बनले तेव्हा बहुमत मद्यपी नसलेल्यांचे ठेवले होते. मद्यपी विश्वस्त पुन्हा प्यायला लागले तर पैशाचे काय, ही धास्ती त्यामागे होती. सुमारे तीन दशके अनुभव घेतल्यावर, १९६६ मध्ये, प्रमाण बदलले. आता त्यांच्या २१ विश्वस्तांपैकी १४ स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले असतात आणि ७ बाहेरचे. बाहेरच्यांना काढून टाकले नाही, कारण त्यांचाही उपयोग आहे : चळवळीतील माणसे स्वतःची ओळख जाहीर करत नाहीत, त्यामुळे लोकांसमोर उघडपणे उभे राहणे बाहेरच्या विश्वस्तांना सोपे जाते. दोघांचे गुण ओळखून खुर्च्या वाटल्या गेल्या.

एचआयव्हीच्या क्षेत्रातही हाच विचार पुढे आला. १९९४ च्या पॅरिस जाहीरनाम्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा धोरणांतील सहभाग वाढवण्याचे वचन अनेक देशांनी दिले. ज्यांच्याविषयी निर्णय होतात त्यांना त्या निर्णयापासून दूर ठेवणे ही केवळ गैरसोय नाही. तो त्यांच्या माणूसपणाचा संकोच आहे.

अंगुलिमालाच्या कथेचा दुसरा भाग

बौद्ध परंपरेतील अंगुलिमालाची कथा आपल्याला ठाऊक असते. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर बुद्धांच्या भेटीने पालटला आणि भिक्षू झाला. राजा प्रसेनजित त्याला पकडायला सैन्यासह निघाला होता. तोच माणूस शांत बसलेला पाहून राजा थक्क झाला. पुढे भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले. रक्तबंबाळ होऊन तो परत आला तेव्हा बुद्धांनी त्याला सहन करायला सांगितले.

या कथेचा दुसरा भाग मात्र फार कमी सांगितला जातो. विनयपिटकात अशी नोंद आहे की, त्याला भिक्षूंच्या संघात पाहून लोक घाबरले, तोंड फिरवू लागले आणि संघाविषयी कुरकुर करू लागले. तेव्हा यापुढे कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. मात्र अंगुलिमालाला संघातून काढले गेले नाही. कथेतला हा ताण आपण पुसून टाकू नये. माणूस बदलू शकतो हे सत्य आहे. संस्था समाजाच्या विश्वासावर जगते हेही सत्य आहे. ज्या कोणाला संस्था चालवायची आहे त्याला ही दोन्ही सत्ये एकाच वेळी हातात धरावी लागतात.

आजच्या कायद्यातही हा ताण आहे. नशेच्या द्रव्याचे नुसते सेवन हासुद्धा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. कलम २७ खाली हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ आहे, पण रस्त्यावरच्या माणसाला ते क्वचितच माहीत असते. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६४ नुसार, ज्याला सहा महिने किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झाली आहे, त्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षे संचालक होता येत नाही. कलम ८ खाली नोंदवलेल्या सेवाभावी कंपनीलाही हे लागू आहे. म्हणजे ज्याला आपण आदराने बोलावू पाहतो, त्याच्यासाठी दार काही काळ कायद्यानेच बंद असू शकते.

कायदा मोडून कोणाला खुर्ची द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण बंद दाराचे निमित्त करून आपण सुटकेचा श्वास टाकतो का, हे पाहावे. पाच वर्षे संचालक होता येत नसेल तर तोपर्यंत सल्लागार समितीत बसवता येते. तिच्या सूचनांवर मंडळाने काय ठरवले हे लेखी कळवण्याचा नियम करता येतो. आणि मुदत संपली की त्याची आठवण ठेवून बोलावता येते. दार बंद असले तरी ओसरीवर बसवून पाणी देता येते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

एकच माप

असा विश्वस्त नेमल्यावर पुढचा प्रश्न हमखास विचारला जातो : “तो पुन्हा नशा करू लागला तर?”

त्याचे उत्तर नेमणुकीआधीच ठरवावे आणि ते सर्वांसाठी एकच असावे. सीए विश्वस्त संध्याकाळी दोन पेग घेतो का, असे त्याला कोणी विचारत नाही. त्याने हिशेब वेळेवर तपासला का, एवढेच विचारतात. तेच माप दुसऱ्यालाही लावावे. सभेला आला का? कागद वाचले का? गुप्तता पाळली का? पैशाला प्रामाणिक राहिला का? या कर्तव्यांत जो चुकेल त्याला पद सोडावे लागेल, मग तो कोणीही असो. आणि आजारपणात, मग ते हृदयाचे असो वा व्यसनाचे, काही महिने रजा घेऊन परत येण्याची सोय सर्वांना असेल.

धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्यात असे वाटत असेल तर तो नियम अध्यक्षांपासून सर्वांना लागू असावा. केवळ एका माणसाकडे पाहून केलेली खबरदारी ही खबरदारी राहत नाही, तो अपमान होतो. उलट सर्वांसाठी केलेला नियम कोणालाच बोचत नाही आणि मोहाच्या क्षणी सर्वांचेच रक्षण करतो. मोह कोणाला होत नाही? पैशाच्या अपहारासाठी हेरॉइनची गरज लागत नाही.

न्यायाला दुसरी बाजूही आहे. जो स्वतः भोगून आला आहे, त्याचे प्रत्येक म्हणणे बरोबरच असते असे नाही. एकाचा अनुभव सगळ्यांचा नसतो. ज्याने गोळीच्या आधाराने स्वतःला सावरले त्याला दुसऱ्याची पूर्ण त्यागाची वाट पटणार नाही, किंवा याच्या उलटही होईल. त्याच्या मतालाही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ज्याच्याशी कोणी वादच घालत नाही, त्याला अजून बरोबरीचे मानलेले नसते.

निमंत्रण देताना

हे सगळे विचार शेवटी काही साध्या कृतींत उतरावे लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे, कोणालाही विश्वस्तपदाचे पत्र देण्याआधी त्याला एक पूर्ण दिवस केंद्रावर बसवावे. भाषण नको, पाहुणचार नको. जखमेचा वास येईल, कोणी गुंगीत बोलेल, कोणी शिवीही देईल. संध्याकाळी त्याला विचारावे, “आज काय पाहिले?” जो केवळ घाण आणि दुर्दशा सांगेल, त्याला अजून वेळ द्यावा. ज्याला एखाद्या माणसाचे नाव आठवेल, त्याच्याशी पुढचे बोलावे.

दुसरी गोष्ट भाषेची. सभेचे कागद इंग्रजीत आणि चर्चाही इंग्रजीत, मग पुलाखालून आलेला विश्वस्त मान डोलावण्यापलीकडे काय करणार? कागद त्याला समजणाऱ्या भाषेत, सभेआधी काही दिवस मिळावेत; ताळेबंद कसा वाचायचा हे कोणीतरी शेजारी बसून समजावावे. सभेमुळे त्याची रोजंदारी बुडत असेल आणि येण्याजाण्याचा खर्च होत असेल तर त्याची व्यवस्था नियमानुसार आणि सन्मानाने व्हावी. एकट्यालाही बसवू नये. किमान दोघे असावेत. एकटा माणूस शोभेचा होतो, दोघे असले की एकमेकांकडे पाहून बोलण्याचे धैर्य येते.

तिसरी गोष्ट ओळखीची. विश्वस्तांची नावे सार्वजनिक नोंदीत जातात. महाराष्ट्रात नवा विश्वस्त आला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. ज्याच्या घरी, सासरी किंवा नोकरीच्या जागी त्याचा भूतकाळ ठाऊक नाही, त्याला अशा संस्थेच्या यादीतले नाव महागात पडू शकते. त्याला हे आधी स्पष्ट सांगावे आणि त्याने ‘नको’ म्हटले तर त्याचा मान राखावा. आपल्या मंडळाची शोभा वाढावी म्हणून कोणाची जखम उघडी करणे ही सेवा नव्हे.

चौथी गोष्ट मुदतीची. विश्वस्तपद तीन वर्षांचे असावे आणि पुन्हा निवड व्हायची असेल तर कामाचा आढावा घेऊन व्हावी. तहहयात विश्वस्त नेमण्याची आपली जुनी सवय आदरापोटी आलेली आहे, पण खुर्चीला चिकटलेला माणूस हळूहळू ठेवीचा मालक होऊन बसतो. गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचा जो विचार मांडला त्याचा गाभाच असा होता की, जे आपल्या हाती आहे ते आपले नाही. हे धनाला जितके लागू आहे तितकेच पदालाही.

स्वतःला विचारायचे प्रश्न

उद्या असे निमंत्रण आले तर होकार किंवा नकार देण्याआधी थोडा वेळ शांत बसावे आणि स्वतःला काही प्रश्न विचारावेत.

जो कधीच बदलणार नाही अशा माणसासाठीही मी हे काम करू शकेन का? की त्याच्या सुधारण्यातून मला समाधान हवे आहे, आणि ते मिळाले नाही तर मी थकून जाईन?

माझ्या घरी, माझ्या सत्संगात, माझ्या मित्रांत मी या कामाचे नाव स्पष्ट शब्दांत घेऊ शकेन का? की ‘आरोग्याचे काम’ असे मोघम सांगून विषय बदलेन?

ज्याला काल मी मदतीचा लाभार्थी म्हणून पाहिले, त्याने आज सभेत माझा ठराव खोडून काढला, तर माझ्या मनात काय उठेल?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत खरे बोलते. गरिबाला, रुग्णाला, व्यसनी माणसाला खाली वाकून हात देणे तुलनेने सोपे असते, कारण त्यात आपण उभे असतो. त्याच माणसाशेजारी सारख्याच उंचीच्या खुर्चीवर बसणे, त्याचे मत ऐकणे आणि प्रसंगी आपले मत मागे घेणे, यात सेवेच्या वेषातला अहंकार उघडा पडतो. म्हणून हे विश्वस्तपद समाजासाठी जेवढे उपयोगी, तेवढेच विश्वस्ताच्या स्वतःच्या साधनेसाठीही.

नकार देणेही गैर नाही. ‘माझे मन अजून तयार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस, होकार देऊन पहिल्या बातमीला पळणाऱ्यापेक्षा संस्थेवर अधिक उपकार करतो. त्याने विश्वस्त न होता केंद्रावर महिन्यातून एक सकाळ द्यावी. हिशेबाच्या वह्या लावून द्याव्यात. सोसायटीच्या बैठकीत केंद्राविरुद्ध कोणी बोलले तर दोन वाक्ये केंद्राच्या बाजूने बोलावीत. तेही लहान काम नाही.

आणि ज्याने होकार दिला, त्याने एवढे लक्षात ठेवावे की त्याच्या हाती सोपवलेली ठेव बँकेतल्या रकमेएवढीच नाही. आज रात्री कुठेतरी एका माणसाच्या हातात स्वच्छ सुई असेल की दुसऱ्याने वापरलेली, हेही त्या ठेवीत मोडते. त्या माणसाला विश्वस्तांची नावे ठाऊक नसतील. तरीही त्याने आपला जीव त्यांच्या हवाली केलेला आहे.